हातखंब्याला उजवीकडे वळा!

गोव्याचा प्लॅन ठरला की ग्रुपमधलं कुणीतरी मला हमखास विचारतं, "तू रत्नागिरीची ना? वाटेत तासभर थांबलो तर काय बघता येईल?" प्रश्न चांगल्या मनानं विचारलेला असतो. पण त्यातले 'वाटेत' आणि 'तासभर' हे दोन शब्द मला खुपतात.

मुळात रत्नागिरी वाटेत नाहीच. मुंबई-गोवा महामार्ग शहरात शिरत नाही. तो हातखंब्याच्या तिठ्यावरून तसाच दक्षिणेला निघून जातो आणि शहर तिथून दहा-बारा किलोमीटर उजवीकडे, समुद्राच्या अंगाला राहतं. त्यामुळे बहुतेक गाड्या तिठ्यावर चहा-वडापाव उरकतात, पाय मोकळे करतात आणि सरळ गोवा गाठतात. ज्या वळतात त्यांचं वेळापत्रक पण पाठ झालंय आता: गणपतीपुळ्याला दर्शन, आरे-वारेला रील, थिबा पॅलेससमोर ग्रुप फोटो, संपली रत्नागिरी.

कुणी कुठं फिरावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, हे मान्य. तरीही माझं म्हणणं असं आहे की रत्नागिरी हे निदान दोन दिवस मुक्काम टाकून बघायचं शहर आहे आणि तिथं 'टॉप टेन' म्हणून जी यादी फिरते, ती बदलायला हवी. याचं कारण गावाचा अभिमान एवढंच नाही. पाहुणा ज्यासाठी येतो, तेच गाव जपायला लागतं. पाहुणे फक्त सेल्फी काढायला येणार असतील, तर गावात सेल्फी पॉइंटच उभे राहणार. मग सड्यावरची हजारो वर्षांची चित्रं, बंदरावरची पहाट, गल्लीतलं एखादं जुनं घर हे सगळं 'पॉइंट' नाही म्हणून मागं पडणार. आपण कॉलेजातली मुलं भरपूर फिरतो, भरपूर पोस्ट करतो. कुठली जागा 'चालते' हे बऱ्याच अंशी आपणच ठरवतो. म्हणून ही माझी यादी.

१. पहाटे मिरकरवाड्याला जा

सुट्टीत कुणी लवकर उठत नाही, मला माहितीये. पण एक दिवस उठा. बंदरावरच्या शहराचा दिवस बंदरावरच सुरू होतो. मिरकरवाडा हे रत्नागिरीचं मासेमारी बंदर. रात्रभर किंवा कित्येक दिवस समुद्रात काढून आलेल्या बोटी धक्क्याला लागतात, मासळीचे क्रेट वर येतात, बर्फ फोडला जातो आणि लिलाव सुरू होतो. बोलीचा वेग असा की नवख्याला आकडा कळेपर्यंत माल दुसऱ्याचा झालेला असतो. थोडी मासळी गावच्या बाजारात जाते, बाकीची ट्रकमध्ये बसून मुंबई-गोव्याला नाही तर इथल्याच एमआयडीसीतल्या प्रक्रिया कारखान्यांत. तुम्ही पुण्यात ज्या हॉटेलात सुरमई खाता, ती कदाचित याच धक्क्यावरून गेलेली असेल.

इथं वास येणार, पाय चिखलात जाणार. कपडे त्या बेतानं घाला आणि कामाच्या आड येऊ नका. पाट्या घेऊन बसलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. आधी दोन शब्द बोला, भाव विचारा, मासा ओळखायला शिका. बांगडा ताजा आहे की नाही हे डोळा आणि कल्ले बघून कसं ओळखायचं, हे त्या दोन मिनिटांत शिकवतात. हे ज्ञान हॉस्टेल सोडून भाड्याच्या खोलीत राहायला लागलात की फार उपयोगी पडतं!

बोटींवरचे बरेच खलाशी नेपाळी असतात. डोंगरातून आलेली पोरं अरबी समुद्रात जाळी ओढतात. आंब्याच्या बागा राखायलाही नेपाळीच असतात. 'कोकणातली माणसं मुंबईला जातात' एवढीच गोष्ट आपण ऐकलेली असते. कोकणात कोण येतं, ही गोष्ट बंदरावर दिसते.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ आणि समुद्रही खवळलेला. तेव्हा बंदरावर नांगरलेल्या बोटी आणि जाळी दुरुस्त करणारे हात दिसतील. तेही बघण्यासारखंच आहे.

बंदरापासून फार लांब नाही अशा झाडगावात कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. त्याचं मत्स्यालय आणि संग्रहालय बघा. तिथं देवमाशाचा अख्खा सांगाडा मांडून ठेवलाय. सकाळी ताटलीतला मासा आणि दुपारी हा सांगाडा, असा दिवस गेला की समुद्र म्हणजे नुसता बॅकग्राउंड नाही हे आपोआप कळतं.

२. थिबा पॅलेस बघाच, पण आधी थिबा कोण ते वाचा

लाल जांभ्याची भव्य इमारत, अर्धगोल नक्षीदार खिडक्या, समोर मोकळी जागा. फोटो छान येतात, वादच नाही. पण ही वास्तू कुणा संस्थानिकाच्या हौसेची नाही. ती एका कैद्याची आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५च्या युद्धात इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासकट रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता, म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा. त्याआधी तीनेक दशकं इंग्रजांनी याच्या नेमकं उलट केलं होतं. दिल्लीच्या बहादुरशहा जफरला रंगूनला पाठवलं आणि तो तिकडंच वारला. इकडचा बादशहा तिकडं पुरला गेला, तिकडचा राजा इकडं. नकाशावर बोट ठेवून एकदा बघा, म्हणजे त्या काळचं साम्राज्य काय चीज होती ते समजेल.

आपण ज्याला राजवाडा म्हणतो तो १९१० साली तयार झाला. म्हणजे थिबाचं रत्नागिरीतलं बहुतेक आयुष्य दुसऱ्या बंगल्यांत गेलं. या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर १९१६मध्ये इथंच वारला. परत जायला मिळालंच नाही. त्याची समाधी शहरातच आहे आणि तिथं फारसं कुणी फिरकत नाही. २०१२ साली म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपाशी येऊन गेले. एवढ्या लांबून एका देशाचा प्रमुख येतो आणि पॅलेसपर्यंत आलेले आपण समाधीपर्यंत जात नाही!

कुटुंबाचं पुढं काय झालं, ते तर कादंबरीला लाजवेल असं आहे. थोरल्या राजकन्येचं इथल्याच एका मराठी माणसाशी, वाड्यावरच्या पहारेकऱ्याशी, सूत जुळलं. त्यांची मुलगी टुटू रत्नागिरीत वाढली, मराठी बोलत जगली आणि २००० साली इथंच वारली. राजाची नात, पण आयुष्य गरिबीत गेलं. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' कादंबरीत थिबाची रत्नागिरी येते. येताना गाडीत वाचायला घ्या.

वाड्यात आता सरकारी संग्रहालय आहे. सरकारी संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात, त्यामुळे चौकशी करून जा. संध्याकाळी जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघा. ज्याला घरी जाता येत नाही, असा माणूस हेच पाणी रोज बघत असेल, हा विचार डोक्यात येतोच. एवढं झालं की मग खुशाल फोटो काढा.

३. टिळक आळी ते पतितपावन, तेही पायी

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा, रत्नागिरीतला. टिळक आळीतलं ते घर आजही उभं आहे. कौलारू छप्पर, झाडांची सावली, कोकणातल्या जुन्या घरांचा तो थंडावा. अर्ध्या तासात बघून होतं.

तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर पतितपावन मंदिर आहे. १९३१ साली ते उघडलं. जातपात न बघता सगळ्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून ते बांधलं गेलं. विनायक दामोदर सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४पासून १९३७पर्यंत. मंदिराची चळवळ त्यांची आणि पैसा भागोजीशेठ कीर यांचा. भागोजीशेठ म्हणजे इथलेच, गरिबीतून वर आलेले कंत्राटदार. मुंबईत दादरला शिवाजी पार्कची हिंदू स्मशानभूमी आहे, तीही त्यांनीच बांधून दिलेली.

सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो. कॉलेजच्या कट्ट्यावर त्यावर तास न् तास भांडता येतं आणि भांडावंही. पण ज्या काळी देवळाच्या पायरीवर उभं राहायलाही जात विचारली जायची, त्या काळी एका छोट्या गावात हे मंदिर उभं राहिलं. तिथं जाऊन, ते डोळ्यांनी बघून मग वाद घाला. वादाला जरा वजन येतं.

असं शहर चालत बघताना राम आळीत शिरा, गोखले नाक्यावर थांबा, लागली भूक तर काहीतरी खा. रिक्षा करू नका. चढ-उतार आहेत, घाम येईल, पण घरांच्या पडव्या आणि दारातली जास्वंद रिक्षातून दिसत नाही.

४. रत्नदुर्गावर संध्याकाळ

घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंना समुद्र, आत भगवती देवीचं देऊळ आणि एका टोकाला दीपगृह. गड म्हणून तो दमवत नाही. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे 'ट्रेक'वाल्यांना कदाचित मजा वाटणार नाही. पण तटावरून चालायला लागा. एका बाजूला खाली मिरकरवाड्याचं बंदर दिसतं. सकाळी ज्या बोटींचा लिलाव बघितला, त्याच आता खेळण्यातल्या दिसतात. दुसऱ्या बाजूला नुसताच उघडा समुद्र. किल्ला इथंच का बांधला, हे सांगायला गाइड लागत नाही.

तटाच्या कडेवर उभं राहून फोटो काढायचा मोह आवरा. जांभ्याचा दगड पावसात निसरडा होतो आणि खाली थेट कडा आहे.

याच टप्प्यात किनाऱ्याचे रंग बघा. मांडवीची वाळू काळी, म्हणून लोक त्याला काळा समुद्र म्हणतात. मिऱ्याच्या अंगाला पांढरा समुद्र. मिऱ्याचा बंधाराही बघून या. दर पावसाळ्यात समुद्र तिथं जमीन खातो आणि माणसं दगड टाकत राहतात. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, तेव्हा 'बसरा स्टार' नावाचं जहाज याच बंधाऱ्यावर येऊन आदळलं आणि पुढं कैक वर्षं तिथंच गंजत पडलं. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढायचे. हवामान बदल हा विषय आपल्याला ईव्हीएसच्या पेपरापुरता माहीत असतो. मिऱ्याच्या माणसांना तो अंगणात दिसतो.

५. सड्यावर जा: सगळ्यात महत्त्वाचं

या यादीतली एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा.

कोकणात घाट आणि समुद्र यांच्यामध्ये जांभ्याचे सपाट माळ आहेत. त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात बघाल तर नुसता काळा-तांबडा कातळ. 'इथं काय आहे?' असंच कुणीही म्हणेल. त्या कातळावर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरून ठेवलीत. हत्ती, गेंडे, मासे, पक्षी, माणसं आणि अजून कुणाला न उलगडलेल्या भौमितिक आकृत्या. गेंडा आज कोकणात कुठं आहे? ज्यांनी तो कोरला, त्यांनी तो बघितला असणार. म्हणजे तेव्हाचं कोकण काही वेगळंच असणार.

रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात अशी हजाराहून जास्त चित्रं सापडली आहेत. ती शोधून काढण्याचं मोठं काम कुठल्या बड्या संस्थेनं केलेलं नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे अशा रत्नागिरीतल्या हौशी मंडळींनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून, माती झाडून ती उजेडात आणली. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही ठिकाणं आहेत, सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे आणि गोव्यातलं फणसायमळ. म्हणजे तुमच्या गोवा प्लॅनला सुद्धा ही यादी चालते!

रत्नागिरी शहरातून सोयीचं म्हणजे उक्षी. तिथला हत्ती बघायला भोवतीनं कठडा बांधलाय, वरून चित्र नीट दिसतं. कशेळीचा हत्ती तर प्रचंड आहे, अठराएक मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी छोटे प्राणी कोरलेत. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. मग ज्यांनी कोरला त्यांनी तो मनात कसा मावला असेल?

आता यातली भीती सांगते. कातळशिल्पं ज्या जांभ्यावर आहेत, त्याच जांभ्यातून घरं बांधायचे चिरे निघतात. चिरेखाण लागली की सडा तासला जातो. सड्याच्या जमिनीला 'पडीक' म्हटलं जातं, त्यामुळे प्लॉट पाडायला, रस्ता काढायला, प्रकल्प आणायला तीच पहिली सापडते. बारसूचं नाव २०२३मध्ये रिफायनरीच्या वादामुळे सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. तिथल्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, हे त्यातल्या किती जणांनी ऐकलं? प्रकल्प हवा की नको, यावर गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत आणि रोजगाराचा प्रश्न खोटा नाही. पण सडा रिकामा आहे असं समजून निर्णय झाला, तर तो चुकीच्या माहितीवर झालेला निर्णय असेल. सडा रिकामा नाही. पावसाळ्यात एकदा जा. त्याच कातळावर इवल्याइवल्या फुलांचे गालिचे पसरलेले असतात. खळग्यांत पाणी साठलेलं असतं आणि गुरं चरत असतात.

जाल तेव्हा काही पथ्यं पाळा. चित्रावर उभं राहायचं नाही, चपला बाहेर काढायच्या. फोटोत उठून दिसावं म्हणून रेघांत खडू, रांगोळी, पाणी भरायचं नाही. गावातल्याच कुणाला तरी वाट दाखवायला बरोबर घ्यायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. ज्या दिवशी गावातल्या चार पोरांचं घर कातळशिल्पांवर चालेल, त्या दिवशी ती राखायला वेगळा पहारेकरी ठेवावा लागणार नाही.

६. समुद्राशी नीट वागा

आरे-वारेचा रस्ता सुंदर आहे. चढावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात तो क्षण खरंच भारी असतो. तिथूनच पुढं गणपतीपुळे. पण दर वर्षी या किनाऱ्यांवर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात आपल्या वयाची मुलं असतात. इथल्या माणसांना विचारलंत तर ती सांगतील, 'पाण्याला ओढ आहे.' म्हणजे वरून लाट शांत दिसली तरी परतणारं पाणी खालून पाय ओढून नेतं. पोहता येणारेही त्यात सापडतात. स्विमिंग पूल वेगळा, समुद्र वेगळा. ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडं हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या आणि मग परत फिरा.

भरती-ओहोटीचा अंदाज घ्यायची आमच्याकडं जुनी रीत आहे. पक्षातली तिथी घ्या आणि तिला पाऊणनं गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, मग तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्तच वर येतं. हा ढोबळ हिशेब झाला, पक्की वेळ मोबाइलवर बघून घ्या. पण संकष्टीच्या गर्दीत पुळ्याला दुपारी पाण्यात उतरणाऱ्यांनी हे गणित जरूर करावं.

पावसाळ्यात समुद्र लांबूनच बघा. स्थानिक माणूस 'नको जाऊ' म्हणाला की नाही जायचं, विषय संपला.

७. जे पिकतं, जेव्हा पिकतं, तेच खा

ऑक्टोबरमध्ये येऊन हापूस मागणारे आणि जुलैमध्ये ताज्या सुरमईचा हट्ट धरणारे पाहुणे दर वर्षी भेटतात. कोकणातलं जेवण कॅलेंडरवर चालतं. एप्रिल-मे आंब्याचा, फणसाचा, करवंदांचा. त्याच्या थोडं आधी ओल्या काजूची उसळ. पावसाळ्यात सुका जवळा, सुके बोंबील, कुळथाची पिठी आणि गरम भात. घावणे, आंबोळ्या, सोलकढी बारमाही. तिरफळ घातलेला बांगडा एकदा खाल्लात की नुसत्या लाल तिखटाच्या फिश करीला विसराल. शाकाहारी असाल तरी चिंता नको. फणसाची भाजी आणि उकडीचे मोदक कुणालाही पुरेत.

हापूसबद्दल एक सूचना. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाहेरचा आंबा 'रत्नागिरी हापूस' म्हणून पेटीत भरून विकला जातो. तुम्ही रत्नागिरीत आलाच आहात, तर बागायतदाराकडूनच घ्या. आढीत, पेंढ्यात पिकलेला आंबा खोलीभर वास सोडतो. सिझन नसेल तर आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ घ्या. बॅगेत मावतं आणि रूममेट्स आठवडाभर दुवा देतात.

बजेटचं काय?

गाडी भाड्यानं घेऊन यायची काही गरज नाही. कोकण रेल्वे आहे, एसटी आहे. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस घेतलीत तर तिच्या नावाची गोष्टही बघून या. हे नाव केशवसुतांच्या 'तुतारी' कवितेवरून ठेवलंय आणि केशवसुतांचं जन्मगाव मालगुंड गणपतीपुळ्याला लागूनच आहे. तिथं त्यांचं स्मारक आहे. पुळ्याच्या रांगेत दोन तास उभे राहता, तर तिथं अर्धा तास द्या. रेल्वेनं येताना रत्नागिरीच्या अलीकडं साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो आणि गोव्याकडं पुढं निघालात की पानवलचा ६४ मीटर उंच पूल. दोन्ही जागेपणी बघा.

राहायला घरगुती सोय बघा. तुमचे पैसे थेट एका घरात जातात आणि जेवण हॉटेलपेक्षा बरं मिळतं. एक मात्र करा, पाणी जपून वापरा. पाऊस एवढा पडतो तरी मे महिन्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. तुमच्या तिसऱ्या आंघोळीचं पाणी कुणीतरी विहिरीवरून ओढलेलं असतं.

'एवढं सगळं नको गं, आम्ही मजा करायला येतो!'

हे मी ऐकलंय. सेमिस्टर संपवून दोन दिवस मिळतात, त्यात इतिहासाचा तास कशाला? बरोबर आहे. मी पण समुद्रावर नुसती बसून असते कित्येकदा. पण मजेची व्याख्या 'गर्दीत उभं राहून तोच फोटो काढणं' एवढीच का असावी? लिलावाचा गलका, चित्रातला गेंडा, मराठी बोलणारी राजाची नात, यात मजा नाही म्हणता?

दुसरी शंका जास्त खरी आहे. अशी यादी छापून मी गर्दीच वाढवतेय का? गर्दी तर येतेच आहे. महामार्ग रुंद झाला की अजून येईल. प्रश्न तिला थांबवायचा नाही, ती काय शोधत येते हा आहे. रत्नागिरी जिल्हा वर्षानुवर्षं मुंबईच्या मनिऑर्डरवर जगला. शिकलेली मुलं बाहेर जातात, गणपतीला आणि शिमग्याला येतात आणि परत जातात. माझ्या शाळेच्या वर्गातले निम्मे आज पुण्या-मुंबईत आहेत, मीही त्यांतच. गावात राहून जगता येईल असं पर्यटन उभं राहिलं, तर यातल्या काही जणांना तरी परतायला कारण मिळेल. ते पर्यटन सड्यावरच्या, बंदरावरच्या, आळीतल्या माणसांना धरून असलं पाहिजे. डोंगर कापून बांधलेल्या रिसॉर्टात त्यांना फार तर वॉचमनची नोकरी मिळेल.

त्यामुळे पुढच्या वेळी गोव्याचा प्लॅन ठरवताना त्यातले दोन दिवस इकडं द्या. हातखंब्याला चहा प्या, हरकत नाही. पण चहा झाला की उजवीकडे वळा, पहाटेचा गजर लावून झोपा आणि सकाळी मिरकरवाड्यावर कुणाला तरी विचारा, 'आज काय गावलं?' पुढचं सगळं ती माणसंच सांगतील.